ऑनर्सच्या मुलाखतीला गेलेला टेम्पो

आमच्या सारसोळ्यात साहेबापुढं एकट्यानं जायची पद्धत नव्हती. नळाचं काम असो, दाखल्याचं असो, नाहीतर नुसतं काहीतरी विचारायचं असो, निदान पाच-सहा जण तरी मिळून जायचे. ही पद्धत पडली ती गावाभोवती नवं शहर बसायला लागलं तेव्हा. जमिनी घ्यायला सरकारची माणसं आली आणि बाबांचा एक चुलता एकटाच ऑफिसात गेला. साहेबानं चहा पाजला, गोड बोलला, आणि कप रिकामा होईपर्यंत चुलत्याचा अंगठा उठलासुद्धा. कशावर उठला ते घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं, जायचं तर मिळून. एक बोलणारा, एक भडकणारा, भडकणाऱ्याला आवरणारा एक, आणि बाकीचे नुसते उभे राहायला. उभं राहणाऱ्यांना कमी समजू नका हं. साहेब बोलणाऱ्याकडं बघतच नाही, तो मागं किती उभे आहेत ते बघतो.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीपण माझ्या ऑनर्सच्या मुलाखतीला ही मंडळी येतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बीएच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या विद्यापीठानं तेव्हा अर्थशास्त्राचा ऑनर्स वर्ग नवीनच काढला होता आणि तो भरणार होता वाशीतल्या एका कॉलेजात. नेहमीची डिग्री करायचीच, वर जास्तीचे पेपर, शनिवारी दिवसभर तास, आणि शेवटच्या वर्षी स्वतःचं संशोधन. आसपासच्या सगळ्या कॉलेजांतून निवडून वीसच मुलं घेणार. आमचे सर मला म्हणाले, "तू अर्ज कर. तुझं डोकं चालतं, आणि तोंड त्याहून जास्त चालतं. तिथं दोन्ही लागतं."

मला ते हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मला त्याची हावच सुटली होती. कारण घरात आईनं दिवाळे गावचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा कंपनीत होता, त्यांचं स्वतःचं घर होतं, नावं ठेवायला जागा नाही. आई रोज नेरूळच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि आल्या-गेल्याला त्या स्थळाचं कौतुक सांगायची. बाबा सकाळी रबाळ्याला कंपनीत पहिल्या पाळीला आणि सुट्टीच्या दिवशी खाडीवर. ते फारसं बोलायचे नाहीत. पण एकदा माझी बाजू घेऊन आईला म्हणाले, "त्या मोठ्या वर्गात घेतली तिला, तं शिकू दे. डिग्री होईस्तो लग्नाचा विषय नाय काडाचा. नायतर मंग तू बोलशील तसं." आईला हे पटलं, कारण विसांत मी येईन असं तिला वाटतच नव्हतं. म्हणजे झालं काय, तर त्या एका मुलाखतीवर माझं सगळंच येऊन ठेपलं.

अर्जासोबत आपल्या भागातल्या एखाद्या बाजारावर दोन पानं लिहून द्यायची होती. मी आईच्या मासळीबाजारावर लिहिली. सकाळी बोंबलांच्या ज्या वाट्याला, म्हणजे मांडलेल्या ढिगाला, बाई हात लावू देत नाही, तोच वाटा दुपारी ती गिऱ्हाइकाच्या मागं लागून कसा देते, एवढंच लिहिलं. पाठवलं आणि मुलाखतीचं बोलावणं आलं!

आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आत कोन कोन असनार?"

"तीन प्रोफेसर."

"तिगं? न् तू एकली?"

"मुलाखत अशीच असते, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि चपला घालून थोरल्या काकांकडं गेले. थोरले काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गावच्या प्रत्येक शिष्टमंडळातला बोलणारा माणूस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी मागणी-पुरवठा घोकत बसले होते, माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसनं वाशीला गेले. आईची इस्त्री केलेली साडी नेसले होते आणि निऱ्या सुटतील या भीतीनं बदकासारखी चालत होते. वरांड्यात चाळीस-पन्नास मुलं बसलेली. कॉलेजचा क्लार्क बाहेर आला आणि त्यानं खडसावून सांगितलं, "कुणाची चिठ्ठी, कुणाचा फोन, कुणी ओळखीचा माणूस, काहीही शिफारस आणली असेल तर उमेदवार बाद. अध्यक्ष बाईंची सक्त ऑर्डर आहे." माझ्या शेजारच्या मुलानं खिशातून बाहेर डोकावणारं पाकीट हळूच आत ढकललं. मला मनातून बरं वाटलं. मी तर कुणाला ओळखतच नव्हते.

माझा नंबर आला. मधे बसलेल्या बाई अध्यक्ष, केस पांढरे, नजर तिखट. त्यांच्या हातात माझी दोन पानं होती. म्हणाल्या, "वाट्याचा भाव ठरवतं कोण?"

"सकाळी विकणारी ठरवते," मी म्हटलं, "दुपारी माश्या ठरवतात."

तिघंही हसले. माझी भीती पळाली. मग मी जी सुटले! बर्फ, उन्हं, शेजारणीचा वाटा, सगळं सांगितलं. बाजूचे सर लिहून घेत होते. आपण घेतले जाणार, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

आणि नेमका तेव्हाच बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मग त्याचा मागचा फळका आपटल्याचा आवाज, मग चपलांचा. आणि मग ज्या आवाजापुढं सभेतले लाऊडस्पीकर झक मारायचे, तो थोरल्या काकांचा आवाज: "कंच्या खोलीत हाय आमची पोर?"

क्लार्क धावत आत आला. "मॅडम, बाहेर सात-आठ माणसं आलीत. गाववाले आहेत. या मुलीचे आहोत म्हणतायत."

बाईंनी चष्मा काढला. "कोण आहेत हे?"

खोटं बोलायचं सुचलंच नाही. "माझे बाबा, काका आणि गावातली माणसं."

"सूचना ऐकली होती ना?"

"ऐकली होती. पण त्यांनी नाही ऐकली." आणि मग मला रडू यायच्या आत मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. की आमच्याकडं साहेबापुढं कुणी एकटं जात नाही. का जात नाही. चहा, अंगठा, सगळं. एक सर घड्याळ बघत म्हणाले, "ही सरळसरळ शिफारस आहे." बाई उठल्या आणि वरांड्यात गेल्या. मी मागोमाग.

बाहेर सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे. बाबा कंपनीच्या गणवेशात, म्हणजे पाळी अर्धवट सोडून आलेले. पोरांना बसायला बाकडी होती, पण आमच्यातला एकजण बसला असेल तर शपथ. बाईंनी विचारलं, "तुम्ही मुलीची शिफारस करायला आलात का?"

थोरल्या काकांनी टोपी सारखी केली. मला वाटलं, आता भाषण सुरू. पण नाही. ते एकदम हळू बोलले. "नाय मॅडम. आमी कायपन मांगाला नाय आलो. तुमी घ्या, नायतर नका घेऊ, तो तुमचा अधिकार हाय. पन तुमी 'नाय' बोललात, तं पोरगी घरा एकली कशी येल? म्हनून आलो."

बाईंनी एकेकाकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि मला, "तुम्ही जा आता." बास.

टेम्पोत मी जे तोंड सोडलं ते सांगण्यासारखं नाही. "कुणी बोलावलं होतं तुम्हांला? वाट लावलीत माझी! होत आलेलं काम घालवलंत!" बाबा खाली बघत राहिले. शिष्टमंडळ परतताना वाटेत उसाचा रस प्यायची आमच्याकडं रीत होती, काम झालं तरी आणि नाही झालं तरी. सगळ्यांनी रस घेतला. माझा ग्लास मी रसवाल्याला परत दिला. थोरले काका कधी नव्हे ते गप्प होते. त्यांच्या तोंडाकडं बघून मला आणखीनच राग आला, कारण आता धड भांडताही येईना.

पुढचे दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. आईनं दिवाळ्याच्या लोकांना निरोप धाडायची तयारी केली. मी नको म्हणाले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

यादी लागली त्या दिवशी मी मैत्रिणीला पुढं केलं, माझी बघायची हिंमत नव्हती. ती यादी बघून तिथूनच ओरडली. मी होते. विसांत होते! बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हाव? घेतली तुला?" म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईनं निरोप धाडायचं रद्द केलं, वर बाजारात सगळ्यांना सांगून आली की पोरीनं तिच्याच मासळीवर लिहून नंबर काढला. घ्या!

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी छोटा कार्यक्रम होता, पालकांसकट. मी घरी सांगितलं. मनात धाकधूकही होती आणि खरं सांगू, आता मला ते यायला हवे होते. पण सकाळी बाबा नेहमीसारखे पहिल्या पाळीला गेले, आई टोपली घेऊन बाजारात. कुणी विषयच काढला नाही. हॉलमध्ये बाकीच्यांचे आई-बाप, आजी-आजोबा, एकाचा तर मामा कॅमेरा घेऊन. मी एकटी. मागच्या दोन ओळी पूर्ण रिकाम्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर बाई माझ्याकडं आल्या. "तुमची माणसं कुठायत? मी मागं खुर्च्या मुद्दाम मांडायला सांगितल्या होत्या. त्या दिवशी सगळे उभेच होते."

संध्याकाळी बाबा जेवायला बसले आणि मी पुन्हा भांडायला उभी राहिले. "नको होतं तेव्हा टेम्पो भरून आलात. आज सगळ्यांचे आले, माझं कुणीच नाही!"

बाबांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "आज कोन 'नाय' बोलनार होतं तुला? घेतली ना तुला? मंग आमचं काय काम तिथं?"

त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "बाईंनी तुमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, बाबा. तुमच्यासाठी आणि काकांसाठी. सगळ्यांसाठी. त्या रिकाम्या राहिल्या."

बाबांचा हात ताटातच थांबला. "आमच्यासाटी?"

"हो."

ते तसेच उठले, हात धुतला आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं थोरल्या काकांना घेऊन आले. काका दारातच थांबले. या माणसानं अख्खं आयुष्य गावासाठी ऑफिसांच्या वरांड्यात उभं राहून काढलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि मला म्हणाले, "बाय, ती मॅडम काय बोलली, ते परत एकदा सांग."

मी परत सांगितलं.