वर्षभर ‘कळवतो’

ज्या टूलमध्ये मी आयुष्यभर प्रोग्राम लिहिले, त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. एकदा पुण्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या माणसाने ते नाव दोनदा विचारलं, मग चहा पाजला आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं. परदेशातली एक छोटी कंपनी ते टूल बनवते. लोहाऱ्यात तहसीलजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान. इथपासून मुरूमपर्यंत ते टूल येणारा मी एकटाच. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

मग लोक नवे कॉम्प्युटर घ्यायला लागले आणि नव्या कॉम्प्युटरवर माझे प्रोग्राम उघडेनात. कंपनीने टूलची नवी आवृत्ती काढली तरच ते चालणार होते. नाहीतर एकोणपन्नासाव्या वर्षी, वाचायचा चष्मा लावून, मला दुसरं काहीतरी पहिल्यापासून शिकावं लागणार होतं. मी कंपनीला मेल केला, नवी आवृत्ती येणार का? उत्तर आलं की आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, टूलच्या भवितव्यावर विचार चालू आहे, योग्य वेळी कळवू.

मला ते उत्तर फार आवडलं. मी ते मामांना दाखवायला घेऊन गेलो.

मामा वधू-वर सूचक केंद्र चालवतात. बसस्टँडमागे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मामा पाहुण्यांशी बोलतात, सीमेपलीकडचे आले तर कानडीत. आतल्या खोलीत मावशी जुन्या कॉम्प्युटरवर बायोडाटा भरते. ती मामांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही हे घरात कधी कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. केंद्राचा प्रोग्राम माझाच, त्याच टूलमधला, मी लिहिलेला पहिला. प्रत्येक स्थळापुढे एक रकाना असतो आणि त्यात तीनच गोष्टी लिहिता येतात, होकार, नकार किंवा कळवतो.

मामांनी मेल माझ्याकडून मराठीत वाचून घेतला, दोनदा.

“खाली सही कुणाची हाय?”

“सही नाही. ‘आपली टीम’ असं लिहिलंय.”

“म्हंजे जबाबदारीनं बोलायला घरातलं कुणी म्होरं आलं न्हाय.” मामा विचारात पडले. “तुझं त्या टूलचं लायसन परत मागितलं का?”

“नाही.”

“मग आशा हाय. नकार द्यायचा असला की माणूस आधी फोटो आन् पत्रिका परत धाडतंय.”

मी शिकलेला माणूस. तरी लायसन परत मागितलं नाही या गोष्टीने मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं, आणि येताना मी पेढे घेऊन आलो. बायकोने विचारलं कशाचे, तर मी म्हटलं, लायसनचे.

निघण्याआधी मामांनी आत हाक मारून मावशीला सांगितलं, “याच्या कंपनीचं स्थळ भरून ठेव.” मला वाटलं, चेष्टा करतात. मावशीने भरलंसुद्धा. गाव, परदेश. घराणं, सॉफ्टवेअर. अपेक्षा या रकान्यात काय लिहू म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, नवी आवृत्ती. तिने ते लिहिलं आणि पुढे ‘कळवतो’ टाकलं.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी मी मेल करायचो आणि त्यांचं तेच उत्तर यायचं. एकदा त्यांनी ‘मोलाचे ग्राहक’च्या जागी ‘अत्यंत मोलाचे ग्राहक’ लिहिलं. मामा म्हणाले, हे वाईट लक्षण आहे, पाहुणे जास्त कौतुक करायला लागले की त्यांनी दुसरीकडे बघितलेलं असतं. मग त्यांनी स्वतः पत्र सांगायला घेतलं. मी ते इंग्रजीत करत गेलो आणि लाज वाटत असतानाही तसंच पाठवलं. पत्र असं होतं: “पाहुण्यांना नमस्कार. आमचा माणूस निर्व्यसनी आहे आणि बरीच वर्षं तुमच्याच नावावर बसून आहे. नकार असेल तर मोकळ्या मनाने सांगा, आम्ही राग धरणार नाही. पण त्याचं वय निघून चाललं आहे. घरी विचारून काय ते एकदाच कळवा.”

चार दिवसांत उत्तर आलं आणि या वेळी खाली एका माणसाचं नाव होतं. त्याने लिहिलं होतं, “या टूलवर काम करणारा आता मी एकटाच उरलोय. पुढे काय करणार हे मी वरच्यांना विचारत असतो आणि तेही मला योग्य वेळी कळवू म्हणतात. तुमच्या पत्राबद्दल आभार, मी ते घरी वाचून दाखवलं.”

“हा तर नवरदेवच बोलला की,” मामा म्हणाले. “त्येलाच घरच्यांनी काय सांगितलं न्हाय.” मग त्यांनी हळूच विचारलं, “लगीन झालंय का त्याचं?”

मला मात्र हसू आलं नाही. तिकडे समुद्रापलीकडे आणखी एक माणूस माझ्यासारखाच बसून आहे हे कळल्यावर धीर यायला हवा होता. तो आला नाही.

पुढे एका सोमवारी मी केंद्रात प्रिंटर बघायला गेलो होतो. सोमवारी सकाळी मावशी आठवड्याची यादी छापून बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचते, म्हणजे मामांना कुणाकुणाला फोन करायचे ते कळतं. होकार वाचून झाले. मग ती नकारांकडे वळली. मुरूमचं एक स्थळ, येडशीचं एक. मग त्याच आवाजात तिने वाचलं, “सॉफ्टवेअर कंपनी, परदेश. नकार.”

“कुणी लिहिलं हे?” मी विचारलं.

“कुणीच न्हाय. वर्ष झालं न्हवं.”

तेव्हा मला आठवलं. वर्षभर ‘कळवतो’वर पडून राहिलेलं स्थळ प्रोग्राम आपोआप नकारात टाकतो. ते मीच लिहिलं होतं, त्याच टूलमध्ये. प्रोग्राम बनवताना मामांनी पन्नास गोष्टी मागितल्या होत्या. मावशीने ही एकच मागितली होती, आणि मी समजलो होतो की यादी आटोपशीर राहावी म्हणून मागतेय.

मी मामांकडे बघितलं. ते खिडकीतून जीपगाड्यांकडे बघत होते. तुलाही कुणी ‘कळवतो’ म्हणालं होतं का, हे इतक्या वर्षांत मी मावशीला एका शब्दाने विचारलं नव्हतं, याची मला त्या क्षणी फार शरम वाटली. तेव्हाही विचारता आलं नाहीच. मी म्हटलं, “मावशी, आता दुसरं काहीतरी शिकतो. तुमचा प्रोग्राम नव्याने लिहून देतो.”

“दे,” ती म्हणाली.

“त्यात काही बदल करायचाय?”

तिने यादीची घडी घातली आणि मामांच्या टेबलावर ठेवली.

“वर्ष लई व्हतंय,” ती म्हणाली. “सहा म्हैने कर.”