गुरुजींच्या ॲपात माघार नव्हती

गुरुजी मोबाइल हातभर लांब धरायचे, मान मागं घ्यायचे आणि तर्जनी अशी खाली आणायचे, जणू नापास पोराला फळ्याजवळ बोलावतायत. बोट टेकलं की म्हणायचे, "झालं ते झालं. पुढं बघा." हे वाक्य ते बायकोच्या दुखण्यात म्हणाले, शाळेचं छप्पर उडालं तेव्हा म्हणाले आणि पोटच्या लेकीचा संसार मोडत असतानाही म्हणाले. ज्याला स्वतःला सोसावं लागत नाही त्याला हे वाक्य फार सोपं जातं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. निवृत्त, कडक इस्त्रीचा, अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी तोंडपाठ असलेला. तुळजापुरात आमचे गुरुजी तसे होते. मला त्यांनी सातवीला शिकवलं आणि त्यांची मुलगी वैशाली माझ्याच बाकावर बसायची. मी पुण्यातली नोकरी सोडून आले आणि घरी बसून मोबाइलची ॲपं बनवायला लागले, हे कळल्यावर गुरुजी एक दिवस दारात उभे. "पोरी, सोयरिकीचं ॲप करून दे. आता लोकं घरी येऊन विचारत न्हाईत, फोनवर बघतात."

वैशूची सोयरीक त्यांनीच जमवली होती, तीही पहिल्या चहाच्या कपावर. स्थळ लोहारा तालुक्यातलं, जमीन रस्त्याला लागून. चौकशी न करता शब्द देऊन मोकळे. लग्नानंतर कळलं की नवऱ्याचं सोलापुरात आधीपासून दुसरं बिऱ्हाड आहे आणि सासरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. वैशूला माहेरी परत यायचं होतं. गुरुजी येऊ देत नव्हते. आणि हा माणूस लोकांच्या पोरींची लग्नं जुळवायला निघाला होता. मी काम घेतलं ते एवढ्याचसाठी, की त्या घरात जाणं-येणं राहील.

ॲप म्हणजे काय, तर ताटांची चळत. नवं पान उघडलं की ते वर येतं, मागं जायचं बटण दाबलं की वरचं ताट निघतं आणि खालचं दिसतं. एखादं पान पुन्हा उघडायचं तर दर वेळी नवं ताट घ्यायचं, का वर आहे तेच वापरायचं, का चळतीतलं जुनं गाठून त्याच्यावरची सगळी फेकून द्यायची, हे आम्हाला ठरवून द्यावं लागतं. आमच्या धंद्यात त्याला लाँच मोड म्हणतात. गुरुजींना मी हे त्यांच्याच स्वयंपाकघरातली ताटं मांडून समजावलं. त्यांनी ताटं नीट पुसलीत का ते बघितलं.

सुरुवातीला मी काही ठरवून दिलं नव्हतं, म्हणजे दर वेळी नवं ताट. तामलवाडीच्या एका गृहस्थांनी मुलीचं स्थळ टाकलं. मग फोटो बदलला, मग उंची लिहिली, मग पत्रिका जोडली. दर बदलाला गुरुजींच्या फोनवर सूचना यायची आणि दर सूचनेवर ते तर्जनी टेकवायचे. मग मागं जायला लागले तर तीच मुलगी, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मला विचारायच्या आधी त्यांनी मुलीच्या बापालाच फोन लावला. "एवढ्या ठिकाणी नाव नोंदवलंय पोरीचं? असं हावऱ्यागत करू नका, स्थळं बिचकतात." तो भला माणूस हातातलं काम टाकून माझ्याकडं आला. पान एकच आहे, त्याच्या प्रती एकावर एक साचल्यात, हे मी आधी त्याला आणि मग गुरुजींना सांगितलं. वर असलेलंच पान वापरायची सोय केली. गुरुजींनी चूक कबूल केली नाही. "तुझ्या यंत्रानंच चुगली केली," म्हणाले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नकार कुणी तोंडावर देत नाही. पोह्यांची बशी खाली ठेवायची आणि "कळवतो" म्हणायचं, मुलीकडचे काय ते समजतात. मी ॲपात 'नापसंत' असं बटण ठेवलं होतं, ते कधी कुणी दाबलं नाही. पसंत नसलं की लोक गुपचूप मागं जायचे आणि पुढचं स्थळ बघायचे. इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण 'पसंत' दाबल्यावरही मागं जाता येतं, हे गुरुजींना दिसलं आणि त्यांचा पारा चढला.

"पसंत म्हणल्यावर मागं दुसऱ्या पोरींची यादी दिसती? लाज हाय का न्हाय? काढ ती."

म्हणजे पसंत दाबलं की खालची सगळी ताटं उचलायची आणि होकाराचं एकच पान ठेवायचं. मागं जायचं बटण दाबलं तर ॲपच बंद. पुन्हा उघडलं तरी तेच पान समोर. मी म्हटलं, "गुरुजी, बोट चुकून लागतं. माघारीची वाट ठेवू या."

"शब्द दिल्यावर माघार कसली? मी सांगतो तसं कर."

ॲप त्यांचं होतं. केलं.

त्याच आठवड्यात वैशूचा फोन आला. "बाबा माझा फोन उचलत न्हाईत. तू जातीस तिथं, तर विचार की, मी येऊ का म्हणून." स्वतःच्या घरी यायला ही बाई परवानगी मागत होती, तीही माझ्याकरवी. मी विचारलं. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "ज्याची पोरगी परत आली त्याच्याकडं सोयरिकीला कोण येईल, सांग बरं." एवढंच होतं ते. लेक एका पारड्यात आणि गावातला मान दुसऱ्यात, आणि पारडं कुठं झुकलंय ते मला समोर दिसत होतं.

मग जळकोटचं प्रकरण झालं. तिथली एक बाई भाकरी थापता थापता लेकीसाठी स्थळं बघत होती. पिठाचा अंगठा पसंतवर पडला. बाईनं घाबरून मागं जायचं बटण दाबलं, तर ॲप बंद. उघडलं, तर पुन्हा होकाराचं पान. तिकडं मुलाकडच्यांना निरोप पोचलाही. दुसऱ्या दिवशी माणसं जीप करून नारळ-साखर घेऊन हजर, आणि पुढं आमचे गुरुजी, फेटा बांधून. गोंधळ निस्तरायला मलाही नेलं होतं.

बाईनं खरं काय ते सांगितलं. मुलाचा बाप शहाणा निघाला, "बोटाचं काय मनावर घ्यायचं" म्हणून नारळ पिशवीत परत ठेवला. गुरुजी मात्र हटेनात. शब्द, मान, खानदान, सगळं काढलं. शेवटी ती बाई चुलीपुढून उठून आली.

"गुरुजी, बोट माजं लागलं. त्यात म्या पोरीचा जनम कशाला घालू?"

गुरुजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पदर तोंडाला लावून हसले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ही गोष्ट तालुकाभर झाली. त्यानंतर पसंत दाबायची कुणाची छाती होईना. लोक ॲप उघडायचे, फोटो बघायचे, बंद करायचे. एकही सोयरीक जुळली नाही. मी माघारीचं पान तयार करून नेलं, तर म्हणाले, "माझ्या ॲपात माघार न्हाय. तुझ्याच्यानं हुत नसंल तर सोड." सोडलं.

वैशू शेवटी न विचारताच आली. तुळजापूरच्या बसस्थानकावर उतरली आणि आधी वडिलांना फोन केला, तो त्यांनी या वेळी उचलला, आणि बऱ्याच वेळानं मला. मी पोचले तेव्हा ती पुन्हा बसमध्ये बसलेली. गुरुजींनी तिला उपाहारगृहात जेवू घातलं होतं, गावातल्या चार लोकांना "लेक देवीला आली होती" म्हणून सांगितलं होतं आणि परतीच्या गाडीत बसवलं होतं. खिडकीतून केळी देत होते. गाडी हलल्यावर मी म्हटलं, "गुरुजी, निदान घरी तरी न्यायचं."

"घरी नेलं असतं तर ती परत गेली नसती."

म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. मला वाटत होतं की जुन्या वळणाचे आहेत, डोक्यात शिरत नसेल. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही.

वैशू सासरी गेलीच नाही. नळदुर्गला उतरली आणि धाराशिवची गाडी धरली. तिथं एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागली, दोन खोल्या घेतल्या. गुरुजी लोकांना सांगत राहिले की लेक सासरी सुखात आहे.

पुढं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बायको आधीच गेलेली. ज्यांच्या सोयरिकी जमवल्या त्यांतलं कुणी दोन दिवसांच्या वर फिरकलं नाही. वैशू जीप घेऊन आली आणि उचलून घेऊन गेली. मी भेटायला गेले ते वैशूसाठी. गुरुजी खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "चार दिवस आलोय हिच्याकडं. लेकीच्या घरी जास्त राहू न्हाय." तेव्हा त्यांना तिथं येऊन आठ महिने झाले होते. खाटेखाली कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. वैशू म्हणाली, रोज सकाळी विचारतात, आज सोडतीस का मला तुळजापूरला. मला वाटलं, लाजेनं विचारत असतील. वैशू म्हणाली, लाज न्हाय, भीती हाय. मी खरंच नेऊन सोडीन असं वाटतंय त्यांना.

मला थोडं वाईट वाटलं. फार नाही.

ते उन्हाळ्यात गेले. दहाव्यानंतर मी गेले तेव्हा वैशू अंगणात त्यांची धोतरं धुऊन वाळत घालत होती. मी तिला विचारलं, कधी काही बोलले का तुझ्याशी, बसस्थानकावरच्या त्या दिवसाबद्दल.

"न्हाय. त्या दिवसाबद्दल न्हाय." ती धोतराची घडी झटकत राहिली. "जायच्या आधी एकदा म्हणाले, वैशे, राहू का गं मी हितं?"

"मग?"

"मग काय. राहा म्हणलं. ताट वाढलेलं होतं, जेवा म्हणलं. रडायला लागले. मी तशीच घास भरवत बसले."

तिच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं.