सरक्याची खांदशेकनी

आमच्या सरक्यानं मले दोन हिवाळे फसवलं.

दुखत होतं त्याले. अन् मी समजली, माजला.

आज पोळ्याचा आदला दिवस. तिथीनं वर्ष झालं त्याले जाऊन. संग फोटो टाकला, त्यात पांढऱ्या तोंडाचा बसला हाय ना, तोच.

कुत्रा होता, पन आमच्या घरी कामाले होता. कापसाच्या ढिगात सापडला, सरकीसारखा भुरका, म्हनून सरक्या. मोठा झाल्यावर गोदामातल्या कापसाच्या गंजीवर बसून राखन करे. गंजी केवढीही उंच असो, दोन उड्यात वर!

गोदाम लय जुनं. सासऱ्याच्या पंजोबानं बांधलं. तवा तिकडं अमेरिकेत लढाई लागली होती म्हने, अन् वऱ्हाडच्या कापसाले सोन्यासारखा भाव आला होता. त्या भावाची फरशी हाय. मजबूत हाय, पन हिवाळ्यात पाय ठेवला का मस्तकात कळ जाते.

कुठं चालली मी! सरक्याचं सांगून राहिली होती.

तर एका हिवाळ्यात त्यानं गंजीवर चढनं सोडलं. त्या थंड फरशीवरच झोपे.

आमचे मालक म्हने, "तुह्या तुपाच्या पोळ्या खाऊन आळशी झाला."

मलेही पटलं.

मंग ओटा चढायच्या आधी थांबून पाहे. सकाळी उठला का लंगडे, दहा पावलं चालला का बरा. मांडीचं मांस उतरलं. एकच सांधा चाटत बसे. सारं माह्या डोळ्यापुढं होतं.

पन आवाज नाही काढला पठ्ठ्यानं. एकडाव सुद्धा नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सुनबाईनं लाडानं त्याच्या कंबरेवर हात ठेवला, तर कचकन् धरला हात. रक्त नाही निघालं, दात उमटले.

मालक तापले. "चावरा झाला हा. घरात लेकरं हायेत. उद्या गाडी परतवाड्याले चालली, तिकडंच मेळघाटात सोडून देतो."

रात्र कशी गेली मलेच माहीत.

सकाळी मी बाजेवरून उठून राहिली होती. एक हात गुडघ्यावर, एक बाजेवर, अन् तोंडात "माय वो".

समोर सरक्या उठून राहिला होता. आधी पुढचे पाय. मंग थांबला. मंग मागचा भाग ओढला.

अगदी माह्यासारखा!

मी ओरडली, "अवो, चावरा नाही तो! त्याले माहा रोग झाला!"

मालक म्हने, "कोनता? बडबडीचा?"

पन त्यायनं आमाले दोघाहीले उठताना पाहिलं. परतवाड्याले जानारी गाडी अकोल्याले गेली. जनावराच्या दवाखान्यात.

डॉक्टरीन आमच्या नातीएवढी. सरळ जमिनीवर बसली त्याच्यापाशी. एकेक सांधा वाकवून पाहिला, एक्स-रे काढला.

"आजी, संधिवात आहे. झिजलेला सांधा परत नवा नाही होत. पण दुखणं आवरता येतं."

मी म्हटलं, "आज निघताना माही गुडघ्याची अर्धी गोळी देल्ली त्याले."

तिनं डोक्यालेच हात लावला. "आजी! माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते. पुन्हा नाही द्यायची! आणि वजन किती वाढलंय? तूप कोण देतं याला?"

मी भितीवरचं कॅलेंडर पाहून राहिली होती.

मालकानं बोट केलं. "ही."

तूप बंद. औषध ती सांगे तेवढंच. रोज थोडं थोडं चालनं, उड्या नाही. टाइल्सवर पोते टाकले, पाय घसरू नये म्हनून. झोपाले मी कापसाची जाड गादी भरली. पहिल्या वेच्याचा कापूस घातला, हो!

अन् मेळघाटात सोडनारे आमचे मालक? त्यायनं ओट्याले उतरती फळी लावली, वर पोतं ठोकलं. सरक्या चढेच ना. तर हे सत्तर वर्साचे, स्वतः फळीवरून चढून दाखवून राहिले. "पाह्य, असा चढ." चार डाव चढले. सरक्या खाली बसून मजा पाहे.

पाचव्या डावाले आला मागं मागं.

गंजीवर परत नाही चढला. पन गोदामाच्या दारात गादीवर बसून आनखी तीन पोळे राखन केली त्यानं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकनी असते. बैलानं वर्षभर ओढलं म्हनून त्याच्या खांद्याले हळद-तूप चोळतात, अन् सांगतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

औषध सुरू झालं त्या वर्षी बैलाचं झाल्यावर मालक वाटी घेऊन सरक्यापाशी बसले. त्याच्या कंबरेले हळूहळू चोळलं.

"यानंबी वर्षभर राखलंच ना," म्हने. "आज आवतन घे बाप्पा, उद्या जेवाले ये."

अर्धं तूप त्यानं चाटलं. हे डॉक्टरीनबाईले सांगितलं नाही आमी.

मागच्या वर्षी याच दिवशी सकाळी गेला. गादीवरच, झोपेत.

तुमच्या घरचा कुत्रा चढनं सोडून देत असला तर आळशी म्हनू नका. त्याले उठताना पाहा.

आज बैलाचं झालं. मालक वाटी घेऊन उठले अन् लिंबाखाली गेले, जिथं त्याले ठेवला. खाली बसाले आता त्यायले वेळ लागते.

मातीले हळद-तूप लावलं.

"आज आवतन घे," म्हने. अन् वाटी माह्या हाती देल्ली.

पुढचं मी म्हटलं.

उद्या जेवाले ये, सरक्या. या डाव तुपाची पोळी ठेवतो.