तिसऱ्या भागातली ओटी

त्या मालिकेत मी तिसऱ्या भागात मरते. एकूण भाग आठ. खुन्याच्या बालपणावरच दोन भाग खर्ची पडले, आणि त्यानं मारलेल्या चार बायांना मिळून तिसरा एक. त्यातली पहिली बाई मी. चेहरा माझा, साडी माझी, मरण मात्र दुसरीचं.

अमरावतीत मी शाळेत मराठी शिकवते आणि हौशी नाटकांत कामं करते. खऱ्या खुनांवरची ही मालिका करायला मुंबईची मंडळी इकडे आली तेव्हा घडलेले प्रसंग पुन्हा करून दाखवायला त्यांना इकडचेच चेहरे हवे होते. आमच्या नाटकवाल्यांतून मला बोलावणं आलं. मी नाचतच गेले, खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं दरबारातल्या दासीची कामं केलेली, आता आपण टीव्हीवर दिसणार, एवढंच डोक्यात होतं. जिचं काम करायचं ती अकोटाकडच्या एका गावची, लग्न झालेली. माहेरून सासरी निघाली, अकोल्याच्या स्टँडवर तिची बस चुकली. तिथं त्या माणसानं "चला, सोडून देतो" म्हणत तिला जीपमध्ये बसवलं आणि अंगावरच्या दागिन्यांसाठी मारलं. माझ्या हातात आलं ते एवढंच, अर्धं पान.

शूटिंग अचलपूरजवळच्या एका घरात होतं. पहिलाच प्रसंग माहेरून निघण्याचा. दिग्दर्शक बाई माझ्याच वयाची, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारी. ती म्हणाली, पिशवी उचल, आईला हात कर आणि दाराबाहेर पड.

"बाप्पा! अशी कशी जाऊ?" मी म्हटलं. "हात हलवून जायला ती काय ऑफिसला निघालीये? लेक सासरी निघाली की माय ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरल्याशिवाय आमच्याकडे पोरगी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही."

बाई एकदम खूश. "हे फार ऑथेंटिक वाटेल," म्हणाली. नारळ आणायला माणूस पळाला. आईचं काम करणाऱ्या बाईंनी माझी ओटी भरली, मी डोळ्यांत पाणी आणलं, एका टेकमध्ये सीन ओके. मग दिवसभर मी नाक वर करून फिरले. या मुंबईवाल्यांना आपल्याशिवाय काही कळत नाही म्हणे! अती शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला मागाहून कळलं.

मालिका लागली आणि गावभर तोच विषय. खुन्याचं काम करणारा नट इतका देखणा घेतला होता की शिक्षकांच्या खोलीतसुद्धा त्याच्या डोळ्यांचं कौतुक चाले. आठवीतले पोट्टे शाळेच्या गेटवर सायकली आडव्या लावून पोरींना म्हणायचे, "चला, सोडून देतो," आणि पोरी खिदळायच्या. माझं डोकंच सणकलं. एकाला वर्गाबाहेर काढलं, तर जाता जाता म्हणतो, "मॅडम, तुमीच तं होत्या त्याच्यात." मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत बसले.

अशात एका रविवारी सकाळी दारात एक बाई उभी. साठीची असेल, अंगावर धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. माझ्या सासूबाई आणि मी तूर निवडत बसलो होतो. बाई माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली.

"तिसऱ्या भागातली तूच ना वं?"

नाटकवाल्यांकडून पत्ता काढून कोणी कौतुक करायला आलंय असं वाटून मी हसून "हो" म्हटलं, आत या म्हटलं, चहाचं आधण ठेवायला उठले.

"चहा नको. मी तिची माय हाये."

मी होते तिथंच उभी राहिले. ती खाली बसली, पिशवी मांडीवर धरून. आवाजात राग नव्हता, तेच जास्त अवघड होतं.

"त्या ओटीचं कोनं सांगतलं तुमाले?"

"मीच," मी म्हटलं. "आपल्याकडे भरतातच, म्हणून."

"भरतेत. पन मी भरली नोती." ती माझ्याकडे न पाहता बोलायला लागली. "पंधरा दिस माहेरी राहिली होती. सासरी जात नाही म्हने. नवरा मारते म्हने. मी म्हटलं, लेकीनं माहेरी किती दिस राहावं? जाय गुमान. ती रडून राहिली होती अन् मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. ओटीचं ताट भरून ठेवलं होतं बाजूले. माय, निघतो म्हने. मी उठली नाही. मागं वळून पाह्यलं बी नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता सारं गाव म्हनते, निदान ओटी तं भरली तुया हातानं, तेवढं तरी समाधान. मी हाव म्हनतो. तिच्या बापालेही नाही सांगतलं मी आजलोक. कोनत्या तोंडानं सांगू?"

मी सुचवलेल्या, मी मिरवलेल्या त्या दोन मिनिटांनी या बाईला गावासमोर रोज खोटं बोलायला लावलं होतं. तिनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, फडक्यात बांधलेले तांदूळ काढले.

"तिचं मरन मी तुया अंगावर पाह्यलं. मले तुयी ओटी भरू दे, बाई. मंग गाव म्हनते ते खोटं नाही राहनार."

सासूबाई ताडकन उठल्या. "हे काय मांडून राहिली बाई तू? मेलेल्या पोरीची ओटी माह्या घरात? सुनेले चौथा महिना हाये! आधीचं एक गेलं आमचं!"

बाईनं नारळ चटका बसल्यासारखा मागं घेतला. "मले माहीत नोतं, माय. नाही भरत. माफ करा." तिनं सगळं घाईघाईनं पिशवीत कोंबलं आणि चप्पल पायात सरकवली.

आणि मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटते लिहायला, पण झालं. एवढ्या लांबून आलेल्या बाईला निदान स्टँडपर्यंत पोचवावं म्हणून मी स्कूटीची किल्ली घेतली आणि सहज म्हणून गेले, "चला मावशी, सोडून देते."

शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या कानांवर आले. ती पायरीवर थबकली. दाराची चौकट तिनं अशी धरली की बोटं पांढरी पडली. मी जीभ चावली, पण आता काय उपयोग? मग म्हणाली, "पायीच जाऊ. दूर हाये का?"

दूर होतं, तरी आम्ही पायी गेलो. स्टँडवर अकोल्याची बस लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. ती पिशवी छातीशी धरून बसकडे वळली, आणि मला माझीच चीड आली. कॅमेऱ्यापुढं पदर पसरला तेव्हा कसली भीती नव्हती, तेव्हा टाळ्या हव्या होत्या. आता खरी माय समोर उभी, तर मी पोट झाकून घेत होते.

"मावशी, भरा," मी म्हटलं.

"नको वं. तुया पोटात..."

"भरा म्हटलं ना!"

बाकड्यापाशी, शेंगदाणेवाल्याच्या पाटीशेजारी मी पदर पसरला. तिनं कुंकू लावलं. थोडं माझ्या नाकावर सांडलं. नारळ, खण, मग ओंजळीनं तांदूळ, तीनदा. खरं सांगते, त्या वेळी तिची लेक माझ्या मनात नव्हती. देवा, माझ्या बाळाला काही होऊ देऊ नको, एवढंच मी घोकत होते. ती मात्र माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, "याले माहं आयुष्य लागो."

मी वाकून नमस्कार केला. "चला, बसा आता. बस निघतेय."

"नाही," ती म्हणाली. "तू पहिले जाय. निघ. मी पाहतो."

मी ओटी सावरत चालायला लागले. गेटापाशी जाऊन वळून पाहिलं. अकोल्याची बस तिच्या मागून निघून गेली होती, आणि ती माझ्याकडे तोंड करून उभी होती.