मेंदीवाल्या पोळातले ओटे

तरुलता भावसार कुणाच्या घोटभर चहाचीही मिंधी नव्हती. जुन्या अहमदाबादेत आरोग्यसेविका म्हणून तिनं निम्मं आयुष्य काढलं. या शहरात दारात आलेल्या बाईला चहाशिवाय जाऊ देणं म्हणजे घराची अब्रू गेल्यासारखंच. तरी कामावर असताना ती पाण्यापलीकडे काही घेत नसे. "तरूबेन म्हणजे तागडी," असं तिची शेजारीण मुक्ताबेन म्हणायची. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, ते मुक्ताबेनलाच ठाऊक.

म्हणूनच एका संस्थेनं जुन्या शहरातल्या गल्ल्या चालायला किती सोयीच्या आहेत याची मोजणी काढली, तेव्हा निवड तिची झाली. घरोघर साखर, घरोघर रक्तदाब. माणसं चालत नाहीत कारण रस्ते चालू देत नाहीत, असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. चाकाची काठी ढकलत गल्लीतून जायचं, मोकळी जागा किती ते मोजायचं, आणि उघडं गटार, उभी स्कूटर, बसलेली गाय, पायात येणारी पायरी, जे जे आड येईल त्याचे गुण कापायचे, असं ते काम होतं.

पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ली. तिचा स्वतःचा मेंदीवाला पोळ मोजायला आला तेव्हा तिनं हात आखडला नाही. दरवाजातून आत शिरलं की थेट चौकापर्यंत प्रत्येक घराचा दगडी ओटा गल्लीत पुढं आलेला. मापाच्या नियमात ओटा म्हणजे अडथळा. पहिला अडथळा तिनं आपल्याच घराचा लावला, उगाच कुणी बोट दाखवायला नको.

"स्वतःच्या घराला दंड लावणारी तू पहिलीच गं!" मुक्ताबेन दारातून हसली. "आता सासूचेही गुण काप. त्याही दिवसभर ओट्यावरच असतात."

"कापले असते," तरू म्हणाली, "पण माणसाचा रकाना नाही यात."

पोळाला गुण पडले ते सांगायची लाज वाटावी इतके. जो पोळ सुधारणा करील त्याला संस्था नवी फरसबंदी आणि दिवे देणार होती. पंच बसले, आणि त्यांच्यासमोर तरूनंच पदर खोचून बाजू मांडली. म्हातारी माणसं ठेचकाळतात, वाट मोकळी झाली तर चालतील, चालतील तर जगतील. ओटे तोडायचे, असा एकमतानं निर्णय झाला. पहिली पहार भावसारांच्या ओट्यावर पडली. तरूच्या सासूबाई, इच्छाबा, उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"लग्न होऊन आले तेव्हा याच ओट्यावर मला ओवाळलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. "पण तू सांगतेस तर बरोबरच असेल."

तरूवर त्यांचा असा विश्वास होता. या विश्वासाचं ओझं पुढं तिला पेलेना.

फरशी आली, दिवे आले, पुन्हा मोजणी झाली नि गुण दुपटीच्या जवळ गेले. संस्थेनं तरूला शाल दिली. सगळं कसं छान झालं, आणि इच्छाबांनी चालणं सोडलं.

त्यांना जुनी साखर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध एक वेळ चुकलं तरी चालेल, पण चालणं चुकवू नका. त्याप्रमाणे त्या रोज सकाळी पोळाबाहेरच्या हवेलीत, म्हणजे कृष्णाच्या देवळात, ठाकुरजींच्या दर्शनाला जात. आता एक दिवस गुडघा दुखला, दुसऱ्या दिवशी गारठा होता, मग भिंतीवरच्या तसबिरीलाच 'जय श्रीकृष्ण' होऊ लागलं.

तरू चिडली. "बा, रस्ता आरशासारखा झालाय, आणि आता तुम्ही बसून राहता? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

इच्छाबा दुसऱ्या दिवशी चप्पल घालून निघाल्या. तरू सोबत होती. मुक्ताबेनच्या घराशी आल्यावर त्या थबकल्या आणि वर कबुतरखान्याकडे बघू लागल्या. कबुतरं बघायची त्यांना कधी हौस नव्हती. त्यांचा हात मात्र मागं मागं भिंतीशी काहीतरी चाचपत होता, आणि श्वास भात्यासारखा चालला होता. ओटा होता त्या जागी हात रिकामाच फिरत राहिला.

तेव्हा तरूला कळलं. बा हवेलीपर्यंत एका दमात कधीच चालत नव्हत्या. आपल्या घरापासून मुक्ताबेनच्या ओट्यापर्यंत, तिथून पुढच्या ओट्यापर्यंत, अशा त्या जात. पोळात कुणाच्याही ओट्यावर टेकायला विचारावं लागत नाही, आणि का बसलात असं कुणी विचारतही नाही. तूरडाळीचा भाव निघायचा, कुणाच्या मुलीचं स्थळ निघायचं, तोवर दम जिरायचा.

घरी येताच तिनं घडीची खुर्ची काढली. "उद्यापासून ही मी बरोबर घेते. लागेल तिथं टाकीन."

"नको," इच्छाबा म्हणाल्या.

"का पण?"

"वरातीसारखी खुर्ची मागं घेऊन फिरवणार मला? सगळ्या पोळाला कळेल, इच्छा दमली. ओट्यावर मी गप्पांना बसायचे, तरू. दम खायला नव्हे."

तरूनं मग खूप धडपड केली. मोजणीचं काम बघणाऱ्या नीरवभाईंना जाऊन भेटली. माणूस सज्जन, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तरूबेन, माप सगळ्या शहरांना एकच आहे. बसायच्या जागेचा रकाना त्यात नाही. पुढच्या खेपेला नक्की मांडू आपण."

"पुढच्या खेपेला माझी सासू असेल का?"

नीरवभाईंनी तेवढं वहीत टिपून घेतलं.

पंचांकडे गेली तर तिथं मोकळ्या वाटेची सवय लागलेली. स्कूटरी आता सुसाट दरवाजापर्यंत जात होत्या. "कालच तोडा म्हणालात, आज बांधा म्हणता?" एकानं विचारलं. मुक्ताबेननं तेवढा हात दिला. "माझ्या दारात बांध हवा तर. पण बाकीचे?" तरूचा नवरा किरीट, मुळात अबोल माणूस, त्यानं विटा आणून आपल्या दारात नि मुक्ताबेनच्या दारात गुडघाभर ओटे रचले. इच्छाबा मुक्ताबेनपर्यंत जात आणि परत येत. हवेली त्याच्या पुष्कळ पुढं होती.

त्या हिवाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. साखर चढत गेली, मग दवाखाना, मग अंगठा काढला, मग घर. तरूनं सेवेत काही कमी केलं नाही. रात्रंदिवस उशाशी होती. आपण तोललं ते चुकलं, हे ती एकदा त्यांचे पाय चेपताना स्पष्ट बोलली. इच्छाबा म्हणाल्या, "वेडी आहेस. माझ्या भल्यासाठीच केलंस ना?" या शब्दांनी ती जास्तच रडली. संक्रांतीचे पतंग उतरले आणि त्या आठवड्यातच बा गेल्या.

तिरडी निघाली. बायका पोळाच्या दरवाजापर्यंत पोचवायला येतात, तशा आल्या. सगळी गल्ली मोकळी, कुठं ठेच नाही, कुणाला अंग चोरावं लागलं नाही. दरवाजाशी तिरडी क्षणभर खाली टेकवायची इथली रीत आहे. जाणाऱ्या जिवाला तेवढा विसावा. खांदेकरी थांबले, वाकले.

"आता कशाला टेकवता?" तरू एकदम ओरडली. "आता थोड्याच दमल्यात त्या!"

मुक्ताबेननं तिला धरलं. किरीटनं मान खाली घातली. पण रीत ती रीत. त्यांनी बांना त्या नव्या फरशीवर ठेवलं.