कोणीतरी लिहीत होतं

कटिंग ऑइलचा जळका वास आला की पोलोग्राउंडच्या कारखाना-वस्तीतली ती दुपार समोर उभी राहते. बाबांच्या वर्कशॉपमधलं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन अचानक बंद पडलं होतं, इंजिनिअर आठवडाभर येणार नव्हता, आणि संध्याकाळी माल गेला नाही तर आमचं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक सुटणार होतं. बाबा मशीनवर हात ठेवून नुसते उभे होते. मी मशीनवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर स्क्रीनचा फोटो टाकून लिहिलं, "भिया लोक, मदत करा, प्लीज." पहिलं उत्तर आलं, "पहले मॅन्युअल तो पढ़ लो." दुसरा त्याच्यावर भडकला, तिसरा दुसऱ्यावर, आणि बघता बघता गोष्ट आयाबहिणींवर गेली. तेवढ्यात एका जुन्या मेकॅनिकने लिहिलं, "घबराओ मत बेटा, ठीक हो जाएगा, बताता हूँ," आणि तो पुढचं लिहितोय असं खाली दिसू लागलं. बाबा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकले. तोच ग्रुपच्या ॲडमिनने, फार सज्जन रिटायर्ड मास्तर ते, हात जोडून लिहिलं, "सगळे आपलेच आहोत, शांती ठेवा," आणि ग्रुपवर लिहिणं सकाळपर्यंत सगळ्यांनाच बंद केलं. खासगी मेसेजला तर तिथे आधीपासूनच मनाई होती, भांडणं नकोत म्हणून. मी वेड्यासारखा स्क्रीनवर बोट आपटत राहिलो. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि शटर ओढलं. आता तो ग्रुप मी सांभाळतो. भांडण पेटलं की लोक "बंद करो भिया" म्हणून मागे लागतात, आणि मी शिव्या वाचत खाली बघत राहतो, कोणी लिहितंय का.