डिक्कीतली खडखड

नांदेडात गाड्यांना टेप-स्पीकर बसवायचं माझं दुकान हाय. दोस्त विचारतात, "एवढे किस्से तुझ्याकडंच कसे?" अरे, चांगला शाना माणूस, पण डिक्कीत वूफर बसवायचं म्हणलं की त्याचं डोकंच फिरतंय!

त्यात आमचे सलीमभाई. वूफरचा लाकडी डब्बा बनवायचा आन् डिक्कीत कसायचा, हे त्यांचं काम. हरेक गिऱ्हाइकाला एकच गॅरंटी देतात, "माझ्या हातचं काम हललं, तर दुकानाची पाटी उतरवतो!"

पाटी माझी, आन् उतरवणार हे!

*

लोह्याचे एक काका आले. डब्बा घेतला, पण कसू देईनात. "पट्ट्या कशाला? ते काय पळून जायलंय?" डिक्कीत दोन्ही बाजूंनी सोयाबीनची पोती लावली आन् गेले. लई दिवस झकास चाललं.

मग एक दिवस गाडी दुकानापुढं आली, ती मागून धडाधड वाजतच.

"काका, काय झालं हो?"

"काय व्हायचंय? भाव आला, सोयाबीन इकलं!"

*

एकदा सलीमभाईंनी जरा लांबच स्क्रू मारला. गिऱ्हाईक लातूरला निघालं, वाटंत पंक्चर झालं. तिथूनच फोन.

"भाई, तुमचा डब्बा काही हलंना."

सलीमभाई खूष. "मी काय म्हणलो होतो?"

"त्याच्याखालची स्टेपनी बी हलंना! तुमचा स्क्रू टायरात घुसलाय!"

सलीमभाई लई ओशाळले. फोन ठेवला आन् हळूच मला म्हणले, "पर हलंना ना?"

*

हिमायतनगरचा दत्ता वडिलांची जुनी गाडी घेऊन आला. वडील वारलेले, गाडी आता हाच चालवायचा. वूफर बसवून घेतला आन् थोड्याच दिवसांत परत हजर.

"भाई, वळणावर मागं खडखड वाजतंय. उतरवा पाटी!"

चार गिऱ्हाइकांसमोर बोलला. सलीमभाईंचं तोंड उतरलं. डब्बा ढकलून बघितला, त्याला लोंबकळून बघितलं, जागचा हलंना. मग वाजतंय काय? त्यांना जेवण गोड लागंना. शेवटी स्वतःच डिक्कीत शिरले. "झाक वरून, आन् चालव!"

दत्ता चालवायला, मी शेजारी. नाक्यावर पोलिसानं थांबवलं, डिक्की उघडायला लावली. आत सलीमभाई, डब्ब्याला कान लावून!

"हा कोण रे?"

सलीमभाईंनी ओठावर बोट ठेवलं. "साहेब, जरा गप बसा. आत्ताच आवाज आला होता!"

*

आवाज डब्ब्याचा नव्हताच. बाजूला जॅक ठेवायचा कप्पा असतो, त्यात लाल फडक्यात एक नारळ लोळत होता. गाडीच्या पूजेचा. दत्ताच्या वडिलांनी तो न फोडता जपून ठेवलेला.

दत्ता काढून टाकणार होता. त्याच्या आईनं ऐकलं आन् फोनवरच दम दिला, "तुझ्या बापाच्या हातचं हाय. गाडीतून काढायचं न्हाई!"

मग काय! वूफरचं भोक कापताना गोल चकती उरते, ती सलीमभाईंनी कोरली, तिच्यात नारळ बसवला, वरून पट्ट्या मारून डिक्कीत कसून टाकला. खडखड बंद. दत्ताच्या आईलाबी फोनवर गॅरंटी दिली, "आता हलणार न्हाई!" माझी पाटी वाचली, लई बरं वाटलं.

*

मागच्या दिवाळीला दत्तानं ती गाडी इकायला काढली. किनवटचा माणूस घ्यायला दुकानातच आला. मावशी, म्हणजे दत्ताची आई, मागच्या सीटवर बसलेल्या. उतरा म्हणलं तर उतरंनात. पदर डोळ्याला लावलेला.

"भाई, डब्बा काढा," दत्ता म्हणला. "आन् तो नारळ काढून आईला द्या."

डब्बा चटकन निघाला. नारळ काही निघंना. सलीमभाई घामाघूम. किनवटवाला घड्याळ बघून राहिला होता.

"भाई, तुम्हीच कसलेलं तुम्हालाच निघंना?" दत्ता म्हणला.

"पट्ट्या तोडाव्या लागतील. नारळ फुटंल."

मी मदतीला वाकलो, तर त्यांच्या हातातला पेचकस स्क्रू सोडवायच्या न्हाई, कसायच्या बाजूनं फिरत होता! मी तोंड उघडणार, तेवढ्यात सलीमभाईंनी ओठावर बोट ठेवलं.

"नारळ फोडू नका!" मावशी आतून म्हणाल्या. "दत्ता, गाडी ऱ्हाऊ दे घरीच."

किनवटवाला चिडून निघून गेला. सलीमभाईंनी कपाळ पुसलं आन् डिक्की लावली.

"मावशी, म्हणलो होतो ना? हलणार न्हाई."